कोरड्या कुंड्या

नम्रताने झारी नळाखाली धरली आणि नळ न उघडताच पुन्हा खाली ठेवली. संस्थेच्या गच्चीवर चैतालीच्या कुंड्या रांगेत उभ्या होत्या. निम्म्यांत ज्वारीची रोपं, निम्म्यांत नुसती माती आणि सगळ्यांत तिचे ते लाडके जिवाणू.

चैताली दसऱ्याला घरच्यांबरोबर दीक्षाभूमीला गेली होती. तिथून मामाकडे राहून येणार होती. जाताना म्हणाली, "नमू, तेवढं पाणी घालशील ना? दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

दोघी एकाच सरांकडे पीएचडी करत होत्या, आणि नम्रता तिला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होती. नम्रता स्वतः सदाशिव पेठेतली, शाळेपासून पहिला नंबर न सोडलेली. आणि सर उठता-बसता म्हणायचे, "जरा चैतालीकडे बघा." चैतालीचं म्हणणं एवढंच, की मुळांतून गोडसर रस पाझरतो आणि त्यावर मातीतले उपयोगी जिवाणू तग धरतात. पण रोज पाणी मिळून दोन्ही प्रकारच्या कुंड्यांत जिवाणू सारखेच मजेत होते. सरांनी तिला बजावलं होतं, "फरक दाखव, जर्मनीला तुलाच पाठवतो. नाहीतर नम्रता जाईल."

पाणी तोडलं की सगळंच मरेल. मग कसला फरक आणि कसली जर्मनी! नम्रताला बरं वाटलं. रोज ती गच्चीवर यायची, माना टाकत चाललेली रोपं बघायची आणि खाली जाऊन चहा प्यायची.

चैताली परतली. तिने भेगाळलेल्या मातीत बोट घातलं. कोरडी ठणठणीत झारी उचलून पाहिली. मग नम्रताकडे पाहिलं, आणि प्रत्येक कुंडीतली चिमूटभर माती तपासायला घेऊन गेली.

दोन-चार दिवसांनी सरांनी नम्रतालाही प्रयोगशाळेत बोलावलं. नुसत्या मातीतले जिवाणू वाढवायला ठेवलेल्या काचेच्या प्लेट्स जवळजवळ रिकाम्या होत्या. मुळांजवळच्या मातीच्या प्लेट्सवर मात्र जिवाणूंचे ठिपके दाटीवाटीने उमटले होते.

"रोपं स्वतः तहानलेली, तरी मुळांनी यांना पोसलंय," सर हरखून म्हणाले. "पाणी तोडायची कल्पना कुणाची?"

"नम्रताची, सर," चैताली म्हणाली.

"वा! किती पाणी देत होतीस गं?"

नम्रताने कोपऱ्यातल्या झारीकडे पाहिलं. "काहीच नाही, सर."

"शाबास. असं धाडस हवं!" सर तिची पाठ थोपटून, जर्मनीला चैतालीचं नाव कळवायला निघून गेले.

चैतालीने कोपऱ्यातली झारी उचलली आणि शांतपणे नम्रताच्या हातात दिली.

"मी जर्मनीत असताना कुंड्या तूच बघ," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."