कोरडी टांगलेली मोटर

केर्केना बेटावरच्या मब्रूकाच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. "उस्ताद, ह्यांची मोटर झाली का? हे बुडाले, मोटरीसकट बोट तेवढी परत आली. आता पोरगा तीच मोटर लावून समुद्रात जायचं म्हणतोय."

माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या त्या मोटरच्या गिअरतेलात पाणी शिरत होतं. चूक माझीच असणार, म्हणून तीनदा सील बदललं. हवा भरून टबात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. ताजं तेल भरून ती कोरडी टांगून ठेवली.

सकाळी तेल काढायचा खालचा स्क्रू सैल केला, तर आधी पाणीच आलं. खारट. रोज थोडं जास्त.

शेवटी लिहिलं, "पोराला पाठवू नकोस."

पोस्टातला लोतफी पाकीट लांब धरून म्हणाला, "काका, पोहत आलात की काय? हे गळतंय!"

माझे हात कोरडे होते.

त्यानं शिक्का मारून ते पिशवीत टाकलं.