मोठ्या आईची पुडी

व्हिटॅमिनचे थेंब आणि लोहाचं सिरप रेवाला पाजून झालं, की केतकी नाइलाजाने दह्यात प्रोबायोटिकची पुडी कालवायची. पुडीतले जिवाणू वरच्या मजल्यावरच्या मोठ्या जाऊबाईंच्या पोटातून घेतलेले होते, कारण तपासणीत आईचे, म्हणजे केतकीचे स्वतःचे, नापास झाले होते.

तेव्हापासून रेवा आईच्या शिऱ्याला नाक मुरडायची. "मला मोठ्या आईची कारल्याची भाजीच हवी!" म्हणत वर पळायची.

"अगं, जिवाणूच जीभ ठरवतात, पोरीचा काय दोष?" जाऊबाई हसल्या. केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून ती पुडी रेवाला न देता रागाने स्वतःच गिळू लागली.

काही आठवड्यांनी शाळेतून आलेली रेवा दारातूनच ओरडली, "आई, शिरा कर ना!" घरात कोणीच नव्हतं. ती धावत वर गेली. स्वयंपाकघरात जाऊबाई वाढत होत्या आणि केतकी कारल्याची भाजी बोटं चाटत खात होती.

"आई, शिरा!"

केतकीने ताट जवळ ओढलं आणि मान वर न करताच म्हणाली, "ताई, तिला तुम्हीच करून द्या ना."