मापाच्या बांगड्या

रत्नप्रभाच्या भाचीच्या लग्नात बांगड्या भरायला सरूबाई कासारीण आली होती. रत्नप्रभाचा नंबर आला तसं सरूबाईने माप न विचारताच पेटीतल्या सगळ्यात मोठ्या बांगड्या काढल्या. गावातले हात तिला पाठ होते. अकरा वर्षांपूर्वी संधिवाताने सुजलेली हीच बोटं तिने जराशी दाबली होती, तर रत्नप्रभा किंचाळली होती.

बांगड्या घातल्या तशा सरकन गळून सतरंजीवर पडल्या.

"अगं बाई! सूज गेली कुठं?"

रत्नप्रभाने दंडावरची टिकलीएवढी चकती दाखवली. तिच्यात हिरवा ठिपका लुकलुकत होता. "माझ्याच रक्तातले राखणदार चवताळून माझ्याच सांध्यांना चावत होते, सरूबाई. त्यांना ब्रेक असतो, पण माझ्यात तो लागतच नव्हता. ही चकती तो ब्रेक लावते. तोही सांध्यांपुरता, बाहेरचा रोग आला तर राखणदार मोकळेच."

सरूबाईने लहान माप घेतलं, हात धरला आणि थबकली. ती किंकाळी तिच्या कानात अजून होती.

"दाबा," रत्नप्रभा म्हणाली.

सरूबाईने अंगठा आत मुडपला, बोटं आवळली आणि काच पेरांवरून पुढे लोटली. एकेक करत डझनभर बांगड्या चढल्या. मग रीतीप्रमाणे कासारणीला नमस्कार करायला रत्नप्रभा वाकली, ती वाकलेलीच राहिली. तिचे खांदे हलत होते.

"दुखलं का गं?" सरूबाई घाबरली.

"दुखलं," डोळे पुसत रत्नप्रभा म्हणाली. "सगळ्या बायकांना दुखतं ना, तेवढंच."