शेजारच्या सीटचा मान

“अहो, ट्रक जवळ येतोय!”

“गाडीला कळतं ते. ब्रेकही तीच लावते. तू आपली आपट्याची पानं सांभाळ,” श्रीरंगराव म्हणाले. पाय त्यांनी ब्रेकपासून चांगला मागे घेतला होता.

कुंदाताईंनी पानं मांडीवर घट्ट धरली. संसारभर त्यांनी शेजारच्या सीटवरून नसलेला ब्रेक दाबला होता. नवऱ्याच्या नवीन गाडीने ती नोकरीच काढून घेतली होती.

पण ट्रक मोठा होत चालला. त्यांची नजर समोरच्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या ‘सेन्सर झाकला आहे’ या पिवळ्या सूचनेवर गेली आणि तिथून बॉनेटवर फडफडणाऱ्या झेंडूकडे. सकाळी दसऱ्याच्या पूजेत श्रीरंगरावांनी गाडीला भरगच्च हार घातला होता, तो नेमका पुढचं बघणाऱ्या सेन्सरवर.

“हारानं तिचे डोळे झाकलेत! तुम्ही दाबा ब्रेक!”

श्रीरंगरावांनी करकचून ब्रेक दाबला. ट्रक हातभर पुढे राहिला.

गाडी कडेला घेऊन त्यांनी हार सोडला, सेन्सर पुसला आणि हार आणून कुंदाताईंच्या सीटला बांधला. “पूजा चुकीच्या जागी झाली होती.”

कुंदाताईंनी हसू दाबलं. “निघा आता. पुढे स्कूटर आहे.”

“बघितली,” ते म्हणाले. पाय ब्रेकजवळच होता.