मेंढरांचा डॉक्टर

सांगोल्याकडच्या वाड्यावस्त्यांवर गुराढोरांचे सरकारी डॉक्टर म्हणून बापूसाहेबांनी उभी हयात घालवली. कुणाची मेंढी अडली, असा निरोप आला की ते भरल्या ताटावरून उठायचे. त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, उत्कर्षाच्या मनात तीच सल राहिली होती. पप्पा सगळ्या तालुक्याचे झाले, आपल्या वाट्याला मात्र उरलेसुरले आले.

बापूसाहेबांच्या तेराव्याला सोलापूरच्या घरी मायाक्का नावाची म्हातारी धनगरीण आली. फोटोला हात जोडून ती उत्कर्षाजवळ टेकली आणि तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "उत्कर्षा तूच की? आता तरी वांगं खातीस का न्हाय?"

उत्कर्षा बघतच राहिली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्येंनीच सांगितलं. मेंढरास्नी सुई टोचताना तुजंच चालायचं. तू चालाया लागलीस, तापानं फणफणलीस, पयली आलीस, समदं आमाला ठाव."

"डॉक्टर म्हणून आले की माझं बोलायचे?"

मायाक्कानं पदरानं डोळे टिपले. "आमच्या वस्तीवर त्यास्नी डॉक्टर कुणी म्हनतच न्हवतं, पोरी. मेंढरू आजारी पडलं की लोक म्हनायचे, उत्कर्षाच्या पप्पास्नी बोलवा."