लाल बाण

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलगडला आणि त्यावरचं स्टिकर पाहून चष्मा वर केला. "हा लाल बाण कुणी चिकटवला?"

"मी," बायको म्हणाली. शिवणकारखान्यात तपासनीस होती ती. शर्टाचा टाका चुकला की तिथे लाल बाण लावायचा, हे तिचं रोजचं काम. या बाणाचं टोक होतं 'हर्पिस टाइप वन, आयजीजी : पॉझिटिव्ह' या ओळीवर. "हे आठ महिने पुलाच्या कामावर होते. तिकडे काय दिवे लावले, ते आता तुम्हीच सांगा."

नवरा वेल्डर. कंपनीच्या तपासणीत हे निघाल्यापासून चार दिवस तो शपथा घेऊन दमला होता.

"शरीरसंबंधातून लागतो तो मुख्यतः टाइप टू, आणि तो निगेटिव्ह आहे," बाई म्हणाल्या. "आणि टाइप वन तर निम्म्याहून जास्त लोकांच्या रक्तात सापडतो. तापात ओठावर फोड येतात ना, त्याचाच विषाणू. बहुतेकांना लहानपणीच लागतो, कुणीतरी लाडाने पापा घेतला की. पुष्कळांना कळतही नाही. कधी लागला, कुणाकडून लागला, ते ही तपासणी सांगत नाही."

"असं कसं? काहीतरी तारीख असेलच की!"

"नसते हो." बाईंनी दुसरं पाकीट फोडलं. ते तिचं होतं. एकदाचा सोक्षमोक्ष लागावा म्हणून तिने मुद्दाम आपलंही रक्त दिलं होतं. आपलं काही निघणार नाही याची तिला बालंबाल खात्री होती. "तुमचाही टाइप वन पॉझिटिव्ह."

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो, पण मी तर... देवाशप्पथ सांगते, मी कध्धीच..." हेच शब्द ती चार दिवस ऐकत होती आणि "नाटकं पुरे" म्हणत होती.

नवऱ्याकडे बघायची तिची हिंमत होईना. आता हा विचारणार, कोण तो? विचारावंच त्याने. आरडाओरडा केला तरी चालेल.

त्याने आपला रिपोर्ट पुढे ओढला आणि कागद फाटू न देता नखाने बाण हळूहळू सोडवला. आता हा आपल्या कागदावर चिकटणार, असं तिला वाटलं.

त्याने तो तिच्या तळहातावर ठेवला.

"असू दे. कामावर लागेल तुला."