पार्सेची हवा

सकाळी साडेसातला डॉ. सत्यवती शेट्ये यांनी गोव्यातल्या पार्से गावात फेणी गाळणाऱ्या यशवंतच्या गच्चीवरचं हवा तपासायचं यंत्र बंद केलं. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. पाच वर्षं यशवंत यंत्रातला फिल्टर बदलून बसने पणजीला पाठवत होता आणि तो दरवेळी जवळपास पांढराच निघत होता. फेणीच्या भट्ट्यांनी गावची हवा बिघडत नाही, हा त्यांचा शोधनिबंध त्यावरच उभा होता.

"तुझी भट्टी दिसत नाही कुठे?" त्यांनी सहज विचारलं.

"ती तुमचं मशीन आयलं तेव्हाच डोंगरापलीकडे नेली, बाय. एवढं म्हारग मशीन, धुराने काळं पडलं तर? वाड्यावरच्या सगळ्यांनीच नेल्या. लाकडं वाहून मान मोडली आमची."

"अरे, मला तो धूरच मोजायचा होता."

"मग आधी सांगूचा न्हय!" यशवंत म्हणाला. "उद्या भट्टी परत हाडतो इकडे."

शुक्रवारी निरोप समारंभात संचालकांनी त्याच शोधनिबंधाचा गौरव केला. उत्तराला सत्यवती उभ्या राहिल्या, पाणी प्यायल्या आणि सगळ्यांचे आभार मानून खाली बसल्या.

शोधनिबंध अजून मागे घेतलेला नाही.